नात्याचा रकाना

"हा अर्ज तुझ्या आईचा आहे?" कार्यालयातला सहकारी ग्लेन याने फाइल बर्नाडेटच्या टेबलावर ठेवली आणि तो तिथेच उभा राहिला.

मूळनिवासी कलावंतांना शहरातर्फे दरवर्षी अनुदान मिळतं, त्याचा तो अर्ज होता. निळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर. अर्जदार: फिलोमीन सीवॅप. कला: भूर्जाच्या सालीवर दातांनी नक्षी. शेवटच्या पानावर प्रश्न होता, या कार्यालयात आपलं कोणी नातेवाईक आहे का? फिलोमीनने लिहिलं होतं, 'हो. माझी मुलगी बर्नाडेट. एकोणीस वर्षं झाली. फार चांगलं काम करते.'

"फार चांगलं काम करते, एवढं तरी वाचलंस ना?" बर्नाडेट म्हणाली.

ग्लेन हसला, पण हलेना. "बर्नी, कर्मचाऱ्याच्या आईला अनुदान देता येत नाही. नियम तुलाच पाठ आहे. पण मला आठवतं, तू चार वर्षांची असतानाच तुझी आई गेली, असं तूच म्हणाली होतीस."

"गेली. ही तिची धाकटी बहीण."

"म्हणजे मावशी!" ग्लेनचा जीव भांड्यात पडला. "मग प्रश्नच मिटला. मावशीला नियम लागू नाही. एक ओळ लिहून सही कर, की अर्जदार माझी आई नाही. शुक्रवारी समिती बसतेय, त्याआधी दे म्हणजे झालं."

ग्लेन माणूस सरळ होता. आम्हा क्री मूळनिवासींत आईची बहीण ही आईच असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून रकाना काही बदलला नसता. एकोणीस वर्षं बर्नाडेट ढोलवाल्यांचे, मणीकाम करणाऱ्या बायकांचे, नाटकवाल्या पोरांचे अर्ज दुरुस्त करून देत आली होती. 'अर्जदार म्हणून "आम्ही सगळे" असं नका लिहू हो, कुणा एकाचं नाव द्या,' हे सांगून तिचं तोंड दुखलं होतं. या एकाच अर्जाला तिने हात लावला नव्हता. घरच्या माणसाचा कागद आपण बघू नये, एवढी अक्कल तिला होती. नेमका तोच फसला.

पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती. फिलोमीनच्या तोंडात दोनच सुळे उरले होते, एक वरचा, एक खालचा, आणि नशिबाने ते समोरासमोर होते. भूर्जाची साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ सोलायची, घडी घालायची आणि सुळ्यांनी चावत जायचं. उलगडली की आत फुलं, चतुर, कासवं. चावताना काही दिसत नाही, सगळं जिभेला कळतं. खालचा सुळा हलायला लागला होता, शरद आला की तो काढावा लागेल असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पातळ साल वसंतातच निघते. म्हणजे हा एकच वसंत हाताशी होता. अनुदान मिळालं तर टेस आणि शाइला या दोन नातींना तीन आठवडे उत्तरेला गावच्या तळ्यावर नेऊन शिकवता येणार होतं. तिथल्या वस्तीत ही नक्षी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी बर्नाडेट फिलोमीनच्या खोलीवर गेली. म्हातारी बॅनक रोटीचा तुकडा चहात बुडवून चघळत होती.

"आई, अर्जात मुलगी कशाला लिहिलंस?"

"मग काय शेजारीण लिहू?"

"बहिणीची मुलगी लिहायचं होतंस. आता अर्ज अडकलाय."

फिलोमीनने कप खाली ठेवला. "अडकला तर राहू दे. तुझ्या नोकरीला धक्का नको. पोरींना इथेच बसून तोंडी सांगेन."

"तोंडी कसं सांगशील? त्यांच्या तोंडात साल नको का?"

"ते पण खरंच," म्हातारी म्हणाली. मग कप पुन्हा उचलत म्हणाली, "बहिणीची मुलगी म्हणायची सवयच नाही गं मला. एकदा सांगितलं ते सांगितलं."

ते एकदाचं सांगणं बर्नाडेटला चांगलं आठवत होतं. पाच वर्षांची होती ती. दोन सरकारी बायका गाडी घेऊन तळ्यावर आल्या होत्या, ज्या मुलांना आई नाही त्यांना न्यायला. एकीने वही उघडून विचारलं, "हिची आई कुठाय?" तेवीस वर्षांची, लग्न न झालेली फिलोमीन पिठाच्या हातांनी म्हणाली, "तुमच्यासमोर उभी आहे." बाईने तिला खालून वर न्याहाळलं आणि वहीत तसं लिहून घेतलं. शेजारच्या घरातली दोन भावंडं त्या गाडीतून गेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

"मी बघते काहीतरी," असं म्हणून बर्नाडेट निघाली. सहीचं तिने सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने ती ओळ लिहिली. 'अर्जदार माझी आई नाही.' पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तिसऱ्यावर सही करून तो ग्लेनच्या हातात दिला आणि प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडली. एका ओळीचं काम होतं ते, पण आयुष्यात इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

अनुदान मंजूर झालं. पत्र टपालात पडलं आणि दुसऱ्या दिवशी बर्नाडेटच्या लक्षात आलं. पत्रासोबत फाइलमधल्या प्रत्येक कागदाची प्रत अर्जदाराला जाते, म्हणजे तिच्या सहीची ती ओळही. आपल्या माणसांपासून त्यांचेच कागद पिढ्यान्‌पिढ्या लपवले गेले, आता नको, असं म्हणत सात वर्षांपूर्वी साहेबांशी भांडून ही पद्धत तिनेच पाडली होती.

फिलोमीन त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. वसंतात ती पोरींना घेऊन तळ्यावर गेली. शेवटच्या आठवड्यात बर्नाडेटही रजा काढून पोचली. शाइला घाई करायची आणि साल फाटायची. टेसला मात्र विसाव्या दिवशी चतुर जमला. फिलोमीनने तो उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "एक पंख जरा लंगडा आहे. पण उडेल." मग पाठ फिरवून तिने डोळे पुसले.

शरदात ग्रंथालयाच्या सभागृहात नक्षी मांडली गेली. समितीची माणसं होती, पुढच्या रांगेत ग्लेन होता. फिलोमीनने माइक हातात घेऊन आधी नातींची नावं सांगितली. मग मागे हात केला. "ती भिंतीपाशी उभी आहे ती बर्नाडेट," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "माझ्या बहिणीची मुलगी." आणि ग्लेनला नीट ऐकू गेलं ना, ते तिने पाहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्नाडेटनेही वाजवल्या.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आई, रागावलीस ना माझ्यावर?"

"रागावू कशाला? तो तुझा ग्लेन समोर बसला होता. कागदावर एक आणि तोंडात दुसरं, असं झालं तर तुलाच निस्तरावं लागेल."

"आता नाही गं कुणी विचारायला येत."

"येतात," फिलोमीन म्हणाली. "तुला नाही माहीत. कधीही येऊन विचारतात."

त्यानंतर ती चारचौघांत कधी चुकली नाही. दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे बहिणीची मुलगी. दर वेळी बर्नाडेट मान डोलवायची. सही मागे घेता येत नाही, हे तिच्याइतकं त्या कार्यालयात कुणाला ठाऊक होतं?

फेब्रुवारीत फिलोमीनला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी नर्स जेवणाचं ताट घेऊन बाहेर गेली. ताटातलं काहीच खाल्लं नव्हतं. बर्नाडेटने खुर्ची खाटेला टेकवली, तो सुकलेला हात हातात घेतला आणि हाक मारली, "आई."

फिलोमीनने डोळे उघडले. आधी तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तिने ओ दिली.