नाताळचा पितळी डबा

पुलगावच्या डेपोत आमचे हे कारकून होते. शेजारी रूथबाई आणि शांतवन मास्तर हे म्हातारं ख्रिस्ती जोडपं राहायचं. त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, त्यांनी आम्हाला नाताळच्या फराळाला बोलावलं.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी ह्यांना पितळी डबा आणायला धाडलं. भेटीच्या भांड्यावर नाव घालायलाच हवं. "दुकानातच नाव घालून घ्या आणि वाचून आणा," असं दोनदा बजावलं होतं.

हे दुकानाबाहेर पान खात उभे राहिले. डबा कागदात गुंडाळून आला, तसाच मी रूथबाईंच्या हातात दिला. भरल्या घरात त्यांनी कागद सोडला आणि मोठ्याने वाचलं, "शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट." खाली आमची दोघांची नावं.

मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ह्यांनी अख्खी करंजी तोंडात कोंबली.

"दुकानदार म्हणे, भांडं देऊन राह्यले म्हणजे लग्नच असन," करंजी गिळून हे पुटपुटले. "मले काय माहीत, त्याने तेच कोरलं म्हणून."

रूथबाई डब्यावरून बोट फिरवत होत्या.

"आमचं लग्न दोन्ही घरांना पसंत नव्हतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. तेव्हा कोणी साधी वाटीसुद्धा दिली नव्हती."

ह्यांना झापायचं माझं तिथेच राहून गेलं.

"मग आता नाव घ्या," मी म्हटलं.

रूथबाईंनी पदर सावरला आणि नव्या नवरीसारखं लाजत उखाणा घेतला. मास्तर डबा छातीशी धरून उभे होते.