घशात राहिलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी अर्धस्वयंचलित शिकारी रायफल आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप माझ्या नळीत चढते. याच गुणामुळे मला मान मिळाला आणि याच गुणाने एक घर उद्ध्वस्त झाले.

इटलीतल्या चेस्टनटच्या डोंगरांत नेव्हिओने मला कित्येक हिवाळे रानडुकरांच्या शिकारीला नेले. शिकारीनंतर तो स्वयंपाकघराच्या टेबलावर मला सुटी करी. पुढचे लाकूड, काजळलेला दट्ट्या, स्प्रिंग, नळी. मुलगी ओर्नेल्ला शेजारी बसून शिके.

"आधी घसा बघ," माझ्या नळीचे मागचे टोक, जिथे पुढची गोळी चढून बसते, ते दाखवत तो म्हणे. "पोट रिकामं म्हणजे घसा रिकामा नव्हे."

माझे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पोटाच्या झाकणालाच जोडलेले आहे. झाकण उघडले की ते बिजागरीवर लोंबते. माझी नवी बहीण हलक्या धातूची. तिचे मॅगझिन सुटून हातात येते. नेव्हिओने तिला आणले आणि मी कपाटात गंजत पडले. शेवटी त्याच्या धाकट्या भावाने, दुइलिओने, मला मागून घेतले. तो जन्मभर दुनळी वापरणारा.

"आता तरी डुक्कर पडेल का रे, की झाडंच मारणार?" शिकारी टोळीतले चिडवत.

"झाडं पळत नाहीत, म्हणून बरी!" तो हसे.

शिंग वाजले की शिकार संपे. दुनळीवाले बंदूक बिजागरीत मोडून, नळ्या उघड्या ठेवून हातावर टाकत. आत गोळी नाही हे लांबूनही दिसे. माझे लोंबते मॅगझिन पाहून सगळे तसेच समजत. नेव्हिओ मात्र घसा बंद करणारी खिट्टी मागे ओढून नळीत डोकावे. दुइलिओने तेवढी सवय उचलली नाही.

नोव्हेंबरात एकदा शिंग वाजले. दुइलिओने माझे पोट उघडले आणि मला जीपमध्ये ठेवले. दोघे भाऊ डुक्कर आत चढवू लागले. तेवढ्यात जीपमधल्या शिकारी कुत्र्याची साखळी माझ्या चापात अडकली आणि घशात राहिलेली गोळी सुटली. नेव्हिओ डुकराशेजारीच कोसळला.

"दादा, ऊठ ना! रिकामी होती रे ती, दादा!"

पोलिसांनी मला ओर्नेल्लाकडे परत दिले, तोवर दुसरा हिवाळा आला होता. टोळीने दुइलिओच्या दाराला मांसाचा वाटा टांगला. दार उघडलेच नाही, वाटा तिथेच सडला. मग एका दुपारी दुइलिओ स्वतःच ओर्नेल्लाकडे आला.

"रायफल दे मला."

"शिकार तर तू सोडलीस, काका."

"आठवण म्हणून."

"आठवणीला गोळ्या कशाला? खिशात काय वाजतंय?"

त्याने खिशावर हात दाबला. ओर्नेल्लाने मला टेबलावर घेतले आणि बापासारखीच सुटी केली. नळी आणि खिट्टी तिने एप्रनमध्ये गुंडाळली आणि लाकडी दस्ता त्याच्यापुढे सरकवला.

"आठवणीला एवढा पुरे. आता खिसा रिकामा कर."

"तुझ्या बापाला मी मारलं, पोरी."

"हो," ती म्हणाली. "आणि आणखी एकाला पुरायची ताकद माझ्यात नाही. बस. सूप गरम करते."

सूप उकळले, निवले. मग त्याने खिशातल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि चमचा उचलला.

दुसऱ्या दिवशी ओर्नेल्लाने माझी नळी ठाण्यात देऊन कापून घेतली. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, शस्त्र रिकामे आहे असे कुणी कितीही सांगो, स्वतः उघडून बघा. आणि घरातले कुणी "मला काही झालेलं नाही" म्हणत एकटे बसले, तर त्याला जेवायला बोलवा. तो नको म्हणाला, तरी ताट वाढा.