वसुधेवरचं गाणं

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात सबनिसांच्या गाण्याची गोष्ट ठाऊक नाही असा एक माणूस दाखवा! नवीन कुटुंब इंडियातून येऊन जरा कुठं टेकलं की कुणीतरी ती सांगणारच. प्रतापराव वसुधाताईंना बघायला गेले, रिवाजाप्रमाणे मुलीला गाणं म्हणायला सांगितलं, आणि मुलीच्या घशाला अशी कोरड पडली की आवाजच फुटेना. तेव्हा मुलगा म्हणाला, “राहू द्या, मीच म्हणतो.” आणि म्हणाला तेही कुठलं ऐकीव नाही हं! स्वतः रचलेलं, स्वतः चाल लावलेलं, आणि त्यात चक्क तिचं नाव. ‘वसुधे, तुझ्या अंगणी सांज ही थबकली.’ पुढं मग चंद्र, चांदणं, गुलाब, सगळं यथासांग. आता अशा मुलाला कोण नाही म्हणेल?

वसुधानं तर त्या एका गाण्यावर अख्खा संसार रेटला. नवरा तसा घुम्या. वाढदिवस विसरायचा. आज मी कुठली साडी नेसलेय, असं विचारलं तर वर न बघता “निळी असेल” म्हणायचा. पण तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. मैत्रिणींचे नवरे हिऱ्याच्या कुड्या आणायचे, हवाईला न्यायचे. पण बायकोवर गाणं रचलंय त्यांच्यापैकी कुणी? नाही ना? मग झालं तर. दर दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात तो पेटी वाजवायचा, ती ते गाणं म्हणायची, आणि वर्षभराची बेगमी व्हायची.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीआधी मात्र शेजारच्या व्हीतोनं घोळ घातला.

व्हीतो म्हणजे इटलीहून तरुणपणी आलेला गवंडी, आता रिटायर्ड. वसुधा अंगणातली पानं गोळा करता करता गाण्याची तयारी करत होती, तर हा कुंपणापाशी येऊन आ वासून उभा. “मिसेस सबनीस, हे गाणं तुम्हाला कुठून माहीत?”

“माझ्या नवऱ्याचं आहे ते,” वसुधा ऐटीत म्हणाली.

व्हीतोनं तिच्याकडं बघितलं, डोकं हलवलं, आणि तिला सरळ आपल्या बेसमेंटमध्ये घेऊन गेला. तिथं भिंतभर रेकॉर्डी! आणि नवल म्हणजे सगळ्या एकाच गाण्याच्या. गाणं मूळचं त्याच्या गावाकडचं, इटालियन. अमेरिकेत ज्यानं त्यानं ते उचललं आणि आपापले इंग्लिश शब्द घालून म्हटलं, आणि त्या प्रत्येकावर व्हीतोचा राग. इतका राग, की एकही रेकॉर्ड त्यानं विकत घेतल्याशिवाय सोडली नव्हती.

त्यानं एकेक लावायला सुरुवात केली. एका बाईनं त्यात समुद्रकिनारा घातला होता. एकानं ख्रिसमस. एकीकडं लहान मुलांचा कोरस, तर एकीकडं डिस्को, धडाड धूम! आणि प्रत्येकाच्या आत तिची चाल. तिची! माळ तुटून मणी घरभर व्हावेत तसं वसुधाला झालं.

“मूळ गाण्यात बघा,” व्हीतो तावातावानं सांगत होता, “माणूस एका मुलीच्या दाराशी उभा राहून रडतोय. आणि दार शेवटपर्यंत उघडत नाही. हेच तर गाणं आहे! आणि या इंग्लिशवाल्यांनी? सगळ्यांनी दार उघडून टाकलं!”

संध्याकाळी प्रताप घरी आला. बूट काढायच्या आत वसुधानं त्याला गाठलं. “अहो, चाल तुमची नाही?”

“कुठली? ती होय? हॉस्टेलमध्ये रेडिओवर ऐकली होती. कुणी इंग्लिश बाई म्हणायची. का?”

“का म्हणजे? इतकी वर्षं आपण लोकांना सांगतोय!”

“मी कधी सांगितलं? तू सांगतेस.”

हे मात्र खरं होतं. तो कधीच सांगत नसे. लोक सांगत, तेव्हा खाली मान घालून पेटीचा भाता चाचपत बसायचा, आणि वसुधा म्हणायची, लाजतात हो!

“बरं, चाल जाऊ दे खड्ड्यात,” ती म्हणाली. “शब्द?”

“शब्द माझेच.”

“माझ्यासाठी केलेले?”

“मग काय शेजारणीसाठी? तुझ्या गळ्याशपथ. आता चहा मिळेल का?”

तिनं चहा टाकला. गळ्याशपथ म्हटल्यावर बाईमाणूस आणखी काय विचारणार? चाल इटलीची तर इटलीची. शब्द तर माझे आहेत ना, नाव तर माझं आहे ना, अशी तिनं मनाची समजूत घातली, आणि ती पटलीही.

शनिवारी दुपारी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये कार्यक्रम होता. मागच्या एका वर्गात बायकांची तयारी चाललेली. मंडळातल्या गिरीशची बायको सुमित्रा गेल्याच आठवड्यात वर्ध्याहून आली होती, अजून झोपेचं गणित जमलेलं नाही, तरी हौसेनं वसुधाच्या पदराला पिन लावून देत होती. वसुधा गळा मोकळा करायला हलकेच गुणगुणली. सुमित्राचा हात थांबला.

“बाप्पा! वहिनी, हे तर आमच्या शरयूताईचं गाणं!”

“कोण शरयूताई?”

“माझी थोरली बहीण. तिला बघायला एक मुलगा आला होता. मी तेव्हा इवलीशी. त्यानंच केलं होतं तिच्यावर. ‘शरयू, तुझ्या अंगणी सांज ही थबकली.’ बघून गेला, आणि मग काही ना काही निमित्त काढून यायचाच. ठरल्यातच जमा होतं हो सगळं! पण पत्रिका जुळेना, आणि त्याची आई ऐकेना.”

वसुधा तिथल्याच एका बाकावर मटकन बसली.

“पुढची ओळ काय?”

“ती नाही येत मला. ताई मोठ्यानं म्हणतच नाही कधी.”

“आणि ताई... मुलंबाळं?”

“लग्न कुठं केलं तिनं! शाळेत शिकवते. पण तुम्हाला कसं माहीत हे गाणं?”

काय सांगणार कपाळ! वसुधे. शरयू. किती सोयीचं! एक नाव उचललं, दुसरं ठेवलं, चालीला ओरखडासुद्धा नाही. रडू यायला हवं होतं, ते येईना. आणि गळ्याची शपथ! माझ्या गळ्याची, ज्या गळ्यानं इतकी वर्षं हे गातेय! मग मात्र तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात स्टेजवरून पुकारा झाला. मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर माइकवर रंगात येऊन तीच गोष्ट सांगत होते, लोक ठरलेल्या जागी हसत होते. वसुधा माइकसमोर जाऊन उभी राहिली. बाजूला प्रताप पेटीपाशी, नेहमीसारखी मान खाली. थांबा, चांगली जिरवते, ती मनात म्हणाली. चोरी पकडली की सूर कसे लटपटतात, तेच बघायचं होतं तिला.

सूर मिळाले. तिनं श्वास घेतला आणि स्वच्छ आवाजात सुरू केलं,

“शरयू, तुझ्या अंगणी सांज ही थबकली...”

आणि ती वळून त्याच्याकडं बघत राहिली.

पेटी थांबली नाही. लटपटलीसुद्धा नाही. प्रतापचे डोळे मिटले, आणि लग्नानंतर एकदाही चारचौघांत न गायलेला तो माणूस गाऊ लागला.

“हात पिठाचे तुझे, केसांत मावळतं ऊन,
पाणी मागाया आलो, अन् विसरलो तहान...”

चंद्र नाही, चांदणं नाही, गुलाब नाही. एकेक ओळ सुरात येत होती, कुठं अडखळणं नाही, आठवणं नाही, जणू रोज म्हणत असावा. आवाज मात्र चिरत होता. असा आवाज वसुधानं आपल्या घरात कधी ऐकला नव्हता. सभागृहाला वाटलं, यंदा दोघांनी मिळून नवीन काहीतरी बसवलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत सुमित्रा तोंडावर हात दाबून उभी होती.

कडवं संपलं. आता वसुधाची पाळी आहे असं समजून लोक शांत झाले. तिच्या ओठांवर एक शब्द येईना, घशाला त्या बघण्याच्या दिवसासारखीच कोरड पडली होती.

प्रतापनं मग डोळे उघडले. समोर वसुधा उभी आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.