रुपालीनं निवडलेली केबल

रांजणगावच्या डेटा सेंटरमध्ये कुठली फायबर केबल टाकायची, यावर तीन महिने मीटिंगा झाल्या आणि त्या तीन महिन्यांत रुपाली सोडून एकानंही केबलचा कागद उघडून वाचला नाही. प्रोजेक्टचे प्रमुख विश्वजीत साहेब तर निकाल खिशात घालूनच आले होते. त्यांच्या साडूच्या गोदामात मल्टीमोड केबलची रिळं पडून होती. तेव्हा मल्टीमोडच चांगली, हे ओघानंच आलं.

रुपालीला सिंगलमोड हवी होती. वडगाव रासाईची पोर, नोकरीत चौथं वर्ष, आणि ही केबल नीट चालली तर दुसऱ्या हॉलचं सगळं नेटवर्क तिच्या हाती येणार, असं वरून कबूल झालेलं. तो हॉल तीनशे मीटरवर उठत होता. डेटा सेंटरला लागणाऱ्या वेगाला मल्टीमोड शंभर मीटरात धापा टाकते, हे तिनं चार वेळा लिहून दिलं. ऑफिसात कुणाच्या डोक्यात शिरेना. घरी मात्र जेवता जेवता वडिलांना, म्हस्कूआप्पांना, सांगितलं तर त्यांचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"म्हंजी मेंढरावानीच की," ते म्हणाले. "मोकळ्या रानात कळप पांगतो, मागंपुढं व्हतो. अरुंद पांदीतनं एकामागं एक नीट जातो."

"व्हय आप्पा. सिंगलमोड म्हंजी पांद."

"मग ह्यात तीन महिनं काय बोलत्यात?"

शेवटी मुंबईच्या क्लायंटनंच रुपालीचा कागद वाचून सिंगलमोड मागितली आणि साहेबांना गप्प बसावं लागलं. गप्प बसले, विसरले नाहीत.

पहिल्या हॉलच्या उद्घाटनाला रुपालीनं आप्पांचा गेटपास काढला. लेकीचं काम त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच हौस. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, तांबडं मुंडासं बांधून आले. कमरेच्या पिशवीत खंडोबाचा भंडारा, जेजुरीहून आणलेली हळद. हॉलमध्ये जोडणी अर्धवट होती, शेकडो कनेक्टर टोप्या काढून उघडे पडले होते. साहेबांनी दाराशी नारळ फोडला, भकलं हातात घेऊन ते आत आले, फोटोवाला सरसावला, आणि त्यांना काय हुक्की आली कुणास ठाऊक.

"मामा, उधळा की भंडारा! नुसत्या नारळानं काय होतंय?"

"साहेब, आत नको," रुपाली पुढं झाली. "कनेक्टर उघडे आहेत. एक कण गेला तरी लिंक पडेल."

"अगं, देवाचं काम आहे. देवाला नाही म्हणतेस?"

आप्पांनी लेकीकडं पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत मान देतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणत त्यांनी मूठ भरून हळद उधळली. एसीच्या वाऱ्यानं ती हॉलभर पसरवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुपालीनंही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांची तिला पुढं फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच क्लायंटची माणसं तपासणीला आली. तोवर तिचे जेमतेम शंभर कनेक्टर पुसून झाले होते. अर्ध्याहून जास्त लिंका पडल्या. तिनं एक कनेक्टर तपासणीच्या दुर्बिणीखाली धरला. केसाहून बारीक काचेच्या तोंडावर पिवळे कण बसले होते. साहेबांनीही वाकून पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"दोन दिवस द्या, सगळं पुसून देते," क्लायंटची माणसं बाहेर गेल्यावर ती साहेबांना म्हणाली. "केबलमध्ये काही दोष नाही."

"मग लिही की रिपोर्टात, हळद होती म्हणून." साहेबांचा आवाज गुळासारखा. "कुणी टाकली तेही लिही. गेटपास तुझ्याच सहीनं निघालाय. क्लायंट फिर्याद देईल, पोलीस वडगावला जातील, मामांचा जबाब घेतील."

"तुम्हीच सांगितलंत त्यांना."

"मी? फोटोत माझ्या हातात नारळ आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांचा तर तिला संताप आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. आप्पांना इथं आणलंच कशाला? सत्तरीच्या माणसाला पोलिसांपुढं उभं करायचं? तिनं लिहून दिलं, सिंगलमोड केबलची निवड चुकली, जबाबदारी माझी. साहेबांनी त्यातला एक काना दुरुस्त केला आणि सही घेतली.

तोच कागद दाखवून त्यांनी क्लायंटला मल्टीमोडवर आणलं. आठवड्यात साडूच्या गोदामातली रिळं उतरली. दुसरा हॉल उभा राहिला की तीही उपटावी लागणार, पण तोवर साहेब बढती घेऊन पुण्याला गेलेले असतील. रुपालीला त्या हॉलवरून काढून शिफ्टच्या देखरेखीवर बसवलं.

कंपनीच्या बसचा ड्रायव्हर गोकुळ त्यांच्याच गावचा, त्यामुळं बातमी तिच्या आधी घरी पोचली. ती आली तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते.

"गोकुळ सांगत व्हता, तू निवडल्याली केबल चुकली म्हनं. तसं तूच लिहून दिलंस. खरं हाय?"

"व्हय आप्पा."

"देवमानूस हायती ते सायेब. माझ्यासारख्याला चारचौघांत मान दिला. आन् तू त्येंचं ऐकलं न्हाईस." "उद्या जा, त्येंची माफी माग. म्या बी येतो संगं, पाया पडतो त्येंच्या."

"बरं," रुपाली म्हणाली आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेली.