बारा पात्यांचं झाकण

व्हर्ना पायबस गेली आणि तिच्या नवऱ्यानं, ॲथलनं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चर्चमागच्या हॉलमध्ये तो सँडविचची थाळी घेऊन माणसामाणसापुढे फिरला, अंड्याचं हवं की हॅमचं, असं विचारत. क्वीन्सटाऊनसारख्या खाणीच्या छोट्या गावात असली गोष्ट झाकून राहत नाही. कोणी म्हणालं, धक्का बसलाय. कोणी म्हणालं, धक्का कसला, पहिल्यापासूनच लाकडाचा आहे तो. खरं तर ॲथललाही काही कळत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर ओठ कसा असतो, आहे पण आपला नाही, तसं त्याला सगळ्या अंगाला वाटत होतं. ते उतरेल म्हणून तो वाट बघत होता. उतरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बर्नीच्या दहनगृहातून तिची राख आली. राखाडी रंगाचा प्लास्टिकचा डबा, कडेनं चिकटपट्टी, वर नावाची चिठ्ठी. कपडे धुवायच्या खोलीत जी फळी रिकामी होती तिच्यावर त्यानं तो ठेवला, साबणाच्या पुड्याशेजारी. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते जिनीनला. जिनीन ही त्यांची एकुलती एक मुलगी, मेलबर्नला असते, दर रविवारी फोन करते. ममची राख कुठे ठेवलीस, असं तिनं विचारलं आणि ॲथलनं होतं ते सांगितलं.

"डॅड, तुला ती नको असेल तर तसं सांग," ती म्हणाली. "मी ईस्टरला येतेय. तेव्हाही ती साबणाशेजारी असली, तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार."

"मी तिच्यासाठी भांडं करतोय," ॲथल म्हणाला.

करत काहीच नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण व्हर्ना मेलबर्नला जाणार, हे ऐकल्यावर त्याला टोचलं होतं. महिन्याभरात टोचलेली तेवढी एकच गोष्ट. ती घरात नाही हे त्याला सोसवत होतं की नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं. ती या घरातून जाता कामा नये, एवढं मात्र पक्कं होतं.

सोमवारी तो शेडवर गेला. फुटबॉलच्या मैदानामागे गावातल्या म्हाताऱ्यांची शेड आहे. मैदानावर गवताचं पातं नाही, सगळी खडी, आणि गावातल्या प्रत्येक बाप्याच्या गुडघ्यावर त्या खडीचा एक तरी वण आहे. शेडमध्ये एक लेथ, एक पट्टीची करवत, चहाची किटली आणि खाण बंद पडल्यापासून हातांना काम नसलेले दहा-बारा जण. तिथली रीत अशी की कोणाला 'कसा आहेस' विचारत नाहीत, 'काय करतोयस' विचारतात. बायको गेलेल्या माणसाला लाकडाची जात विचारायची, गोंद कुठला वापरलास विचारायचं. बाकीचं त्यात आलं. मला विचाराल तर ही रीत वाईट नाही, पण तिला एक भोक आहे, आणि ॲथल नेमका त्यातून खाली गेला.

त्याच्याकडे ह्युऑन पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा होता. धरणाच्या पाण्यातून काढलेल्या जुन्या ओंडक्याचा, लोण्याच्या रंगाचा, सुवासिक, वीस वर्षं जपलेला. त्याचं भांडं लेथवर दोन दिवसांत उतरलं असतं, वर आटे पाडून झाकण बसवलं की झालं. ॲथलनं तसं केलं नाही. झाकण कॅमेऱ्याच्या डोळ्यासारखं करायचं त्यानं ठरवलं. बाहेरचं कडं फिरवलं की पितळेची पाती सरकून मध्ये भोक उघडणार, उलटं फिरवलं की मिटणार.

शेडवर क्लेम रेक्स नावाचा एक जण होता. त्यानं होबार्टला तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले होते. त्यानं कागदावरचं चित्र बघितलं आणि विचारलं, "साधं झाकण काय वाईट होतं?"

"सोपं आहे," ॲथल म्हणाला.

सोपं काम दोन दिवसांत संपलं असतं, आणि मग तिसऱ्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न होता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

आधी पुठ्ठ्याची पाती कापून, टाचण्या टोचून हालचाल जमवली. मग पातळ पितळी पत्रा आणला. बारा पाती, कापलेल्या नखाच्या आकाराची. प्रत्येकाला दोन बारीक खुंट्या, एका टोकाला खालून, दुसऱ्या टोकाला वरून. खालच्या खुंट्या न फिरणाऱ्या कड्याच्या भोकांत, वरच्या खुंट्या फिरत्या कड्याच्या खाचांत. अकरा पाती गुण्यागोविंदानं एकावर एक बसतात. बारावं मात्र अर्धं वर आणि अर्धं पहिल्या पात्याच्या खाली सारावं लागतं, आणि ते सारताना बाकीची अकराही उडतात. चिमट्यानं एकेक परत बसवायचं. ॲथल चाळीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता, त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा. तरी दोन दिवस पाती उडत राहिली. त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बोटं कामात होती आणि डोकं रिकामं होतं.

शेडची आणखी एक रीत होती. तयार झालेली वस्तू दहाच्या चहाला टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून ती मोडायचा प्रयत्न करायचा. त्यातून वाचली तर घरी न्यायची. ॲथलचं भांडं टेबलावर आलं, कडं फिरवून सगळ्यांनी बघितलं, आणि क्लेमनं शेगडीतली राख चाळून त्यात भरली. झाकण मिटून त्यानं भांडं उपडं केलं. पाती मिटूनही मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं भोक राहिलं होतं, त्यातून राखेची बारीक धार सुटली आणि बिस्किटांच्या थाळीत पडली.

एरवी अशा वेळी शेडचं छप्पर उडालं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. एकानं थाळी उचलली, एकानं फडकं आणलं.

मग ज्याला त्याला सल्ले सुचले. पाती लांब करून बघ, कोणी म्हणालं. केली, तर ती मध्यात एकमेकांवर चढून वाकली. अठरा पाती करून बघ. तीही वाकली. मेण लाव, रबर लाव, बटण लाव. तीन आठवडे सगळी शेड त्या भोकाला चिकटून होती. ॲथल जे सांगतील ते करून बघायचा, मोडायचा, परत करायचा. ईस्टरला चार दिवस राहिले तेव्हा क्लेम त्याच्या बाकाशेजारी येऊन उभा राहिला.

"हे पूर्ण मिटत नाही, गड्या. कॅमेऱ्यातलंही मिटत नाही. ते मिटण्यासाठी नसतंच, उजेड कमी-जास्त करण्यासाठी असतं."

"हे तू तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तू कामात होतास," क्लेम म्हणाला. "आणि हे भांडं उपडं कोण करणार आहे?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ॲथलनं पहिली बारा पाती परत बसवली. क्लेमनं भांडं हातात घेऊन आत डोकावून बघितलं, बोटांनी खोली मापली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं पॉलिश कुठलं लावणार एवढंच विचारलं. ॲथल म्हणाला, मधमाशीचं मेण.

शनिवारी दुपारी जिनीन आली. भाड्याच्या गाडीतून, मागच्या सीटवर एक रिकामी पिशवी टाकून. ती पिशवी कशासाठी हे ॲथलला खिडकीतूनच समजलं. त्यानं भांडं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

जिनीननं कडं फिरवलं. पाती सरकली, उघडली. तिनं उलटं फिरवलं. मिटली. चार-पाच वेळा तिनं तेच केलं, भांड्याचा वास घेतला, आणि तिचा आवाज खाली आला. "सुंदर झालंय, डॅड," ती म्हणाली, आणि राखेचा डबा आणायला स्वतःच आत गेली.

डबा घेऊन आली तेव्हा ती चिकटपट्टीवर नख फिरवत होती. "तू हा उघडलाच नाहीस?"

"नाही."

"मग मापं कशावरून घेतलीस?"

खुंटीचा व्यास ॲथलनं तीनदा मोजला होता. खाचांची रुंदी, पत्र्याची जाडी, कड्याचा घेर, सगळं वहीत मांडलं होतं. आत काय आणि किती जाणार, हे त्यानं मोजलं नव्हतं. शेडमध्ये दहा-बारा जणांनी त्या भांड्यात डोकावून बघितलं होतं, आणि तेही कोणी विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, मूठभर असेल," तो म्हणाला.

जिनीननं चिकटपट्टी काढली. जॅम भरायचं नरसाळं झाकणाच्या भोकात बसवलं आणि चमच्यानं राख भरायला सुरुवात केली. ॲथलनं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती खरखरीत होती, मैदानावरच्या बारीक खडीसारखी. चमच्यामागून चमचा गेला, आणि मग राख नरसाळ्यातच थांबली.

"भरलं," जिनीन म्हणाली.

"आणि डब्यात?"

"निम्म्याहून जास्त आहे अजून." ती त्याच्या तोंडाकडे बघायला लागली होती. "डॅड, ती मावली नाही."

ॲथलनं डबा पुढे ओढला आणि पहिल्यांदा आत बघितलं.

"एवढी होती," तो म्हणाला.

जिनीन शेजारची खुर्ची ओढून बसली. ती रागावून आली होती, तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेनासं झालं होतं. "मी तिला न्यायला आले होते," ती म्हणाली. "नाही नेत. राहू दे तुझ्याकडे. तू दुसरं कर. मोठं कर."

ॲथलनं शर्टाच्या खिशातून पोलादी मोजपट्टी काढली. राखेत सरळ उभी केली, तळाला लागेपर्यंत दाबली आणि आकडा वाचायला वाकला. चाळीस वर्षं अंधाऱ्या वर्कशॉपात त्यानं त्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचल्या होत्या. आता आकडा दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, परत वाकला, तरी दिसेना. राखेवर दोन थेंब पडले आणि तेवढी जागा काळी झाली.

"जिनीन, तू वाच."

ती त्याच्या खांद्याला खांदा लावून वाकली. "एकशे बारा मिलिमीटर, डॅड."

"परत वाच," तो म्हणाला. "माप दोनदा घ्यायचं असतं."

तिनं परत वाचलं.