उरलेली स्प्रिंग

शिंपीकाकांनी अंगणातच गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक-शू बदलले, ड्रम बसवले, चाकं आवळली. हात पुसताना सुटे भाग मांडलेल्या फडक्यावर एक नवी स्प्रिंग उरलेली दिसली. उद्या याच गाडीतून दिवस भरलेल्या लेकीला घाट उतरून आणायचं होतं.

"जास्तीची असेल हो," काकू म्हणाल्या.

"ब्रेकमध्ये जास्तीचं काही नसतं!"

त्यांनी पुन्हा दोन्ही ड्रम उघडले. उजवीकडे सगळं जागेवर होतं. डावीकडे एका शूची स्प्रिंगच नव्हती. त्यांनी ती बसवली, ड्रम आणि चाकं पुन्हा आवळली. गाडी गल्लीत काढली, तर काकू शेजारी येऊन बसल्या.

"उतर. आधी मी एकटा बघतो."

"लेकीला बसवणार, मग मला काय होतंय?"

काकांनी गाडीला थोडा वेग दिला आणि जीव मुठीत धरून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांना मात्र कितीतरी वेळ पाय उचलवेना.