टकटक थांबली की

वैदीणबाईने कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण उतरवून भिंतीला टेकवलं आणि हातातल्या बॅटरीचा झोत आत सोडला. आत धुळीचा कण नव्हता. कुठून असणार? मागच्या खेपेला तिनेच तो ब्रशने झाडून लख्ख केला होता. पंखा गरगर फिरत होता, वायरी जिथल्या तिथे घट्ट होत्या. सगळं अंग धडधाकट, आणि तरी हा पठ्ठ्या दिवसातून कधीही, कुणाला न विचारता डोळे मिटत होता.

तिचं खरं नाव बाजारात कुणाला आठवत नसे. बिघडलेल्या यंत्राला नुसता हात लावून दुखणं सांगते म्हणून ती वैदीण, आणि तिलाही ते आवडे. यंत्राला लहर नसते, हा तिचा हेका. "आपोआप बंद पडतो," असं कुणी म्हटलं की ती म्हणे, "आपोआप काही होत नाही हो, दुधालासुद्धा नासायला कारण लागतं."

पण या डब्याने तिला दोनदा तोंडघशी पाडलं होतं. दोन्ही वेळा तिने तो उचलून आपल्या दुकानी नेला, नवा पॉवर सप्लाय बसवला, मेमरीच्या पट्ट्या बदलून पाहिल्या, रात्रंदिवस चालवला. तिथे तो शहाण्या बाळासारखा चालला. इकडे आणून लावला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून आज ती स्वतः पिशवी घेऊन इथे येऊन बसली होती, आणि दुखणं सापडल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवूनच बसली होती.

"बाई, आजचा शेवटचा दिवस," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे या गाळ्याचा मालक. दाढीत पांढरे केस आले तरी बाजारात तो धाकटाच, कारण शेजारच्या गाळ्यात त्याचा थोरला भाऊ होता. वडिलांचं सुतारकामाचं दुकान दोघांनी मिळून चालवलेलं. थोरला लाकूड कापणार, रंधा मारून गुळगुळीत करणार, जोडणार. धाकटा कॉम्प्युटरवर कपाटांची, टेबलांची चित्रं काढणार. नंतर मध्ये भिंत आली आणि एका दुकानाचे दोन गाळे झाले.

"शेवटचा म्हणजे?"

"संध्याकाळी एक जण गाळा बघायला येतोय. पसंत पडला तर किल्ली देऊन मी मोकळा. वाचनालयाच्या टेबलांचं चित्र पुन्हा उडालं हो. त्यांनी सांगितलंय, आता नाही दिलं तर दुसरीकडे जातो. जाऊ दे. मी पण जातो. दुसऱ्या गावात कुणाच्या तरी ऑफिसात चित्रं काढीन."

"उवा झाल्या म्हणून कुणी डोकं कापतं का?"

"तुम्हाला सापडत नाहीये ना उवा?" धाकटा तिरकस हसला.

हे तिला झोंबलं. पण चूक त्याची नव्हती. तिने पदर खोचला आणि कीबोर्ड पुढ्यात ओढला.

आधी तिने डब्याला घाम फोडायचं ठरवलं. एकदम दहा जड चित्रं उघडली, ती गोल गोल फिरवली, वर आणखी एक तपासणीचा प्रोग्राम लावला. पंखा घरघरायला लागला, डबा गरम झाला. बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरची अशा वेळी हमखास गाळण उडते. हा मात्र ढिम्म हलला नाही. धाकटा शेजारी उभा राहून कौतुकाने बघत राहिला, घरी पाहुणे आले की नेमकं शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्याकडे आईने बघावं तसा.

"बघा! तुम्ही असलात की हा असाच."

"बरं, मला सांगा, बंद पडतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. नुसता बघत बसलेला असतो. टेबलाचा पाय कुठे घ्यावा, खण कुठे द्यावा... विचार करत असतो. हात थांबतो तेव्हाच तर माझं डोकं चालतं. आणि नेमकं सुचायच्या वेळी, ठप्प!"

"आणि कीबोर्ड बडवत असताना?"

धाकट्याने दाढी खाजवली.

"तसा कधी नाही गेला खरा," तो म्हणाला.

वैदीणबाईचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत काम केल्यावर दमणारी यंत्रं तिने ढीगभर पाहिली होती. बसल्या बसल्या मरणारं हे पहिलंच. पण आता लहरीचं शेपूट हाती लागलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "नेहमीसारखे बसा. चित्र उघडा आणि विचार करा. बोलायचं नाही, काही दाबायचं नाही."

"असा ठरवून विचार येतो होय?"

"मग नुसतं तसं तोंड करून बसा. कॉम्प्युटरला काय कळतंय!"

धाकटा खुर्चीत बसला. ती बाजूच्या स्टुलावर बसली. टेबलफॅनचा वारा तिच्या मानेवर येत होता. पडद्यावर वाचनालयाचं लांबलचक टेबल दिसत होतं, आणि खरंच, बघता बघता धाकट्याची नजर त्यात बुडाली. गाळ्यात चिडीचूप झालं. भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं. मग लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

एकाएकी तिच्या मानेवरचा वारा ओसरला. वरची ट्यूब एकदा फडफडली, पडदा काळा झाला, आणि पलीकडून रंध्याच्या मशीनची भलीमोठी घरघर सुरू झाली.

"गेला!" धाकटा ओरडला. "बघितलंत? गेला!"

बाई मात्र डब्याकडे बघतच नव्हती. ती छताकडे बघत होती. कॉम्प्युटरच्या प्लगची तार भिंतीवरून वर जात होती, छताच्या कडेने धावत होती आणि मधल्या प्लायवूडच्या भिंतीला पाडलेल्या एका सुबक, गोल भोकातून थोरल्याच्या गाळ्यात शिरत होती. भिंत थोरल्यानेच घातलेली. भांडणातली भिंत, पण घासूनपुसून पॉलिश केलेली. भोकाच्या कडासुद्धा त्याने गुळगुळीत केल्या होत्या, तार कापू नये म्हणून.

"वाटणीत काय काय वाटलंत?" तिने विचारलं.

"सगळं. हत्यारं तिकडे, कॉम्प्युटर इकडे. यूपीएस तिकडे, स्टूल इकडे. झाडूसुद्धा नवा आणला मी."

"आणि तार?"

"तार?"

"केवढी चूल मांडलीत वेगळी, आणि वीज अजून एकाच तारेवर! रंध्याची मोटर सुरू होताना दांडगा घास घेते. तेवढ्या क्षणाला तुमच्या डब्याची उपासमार होते. यूपीएस असता तर त्याने सांभाळून घेतलं असतं, तो पण तुम्ही देऊन बसलात." बाई उठलीच. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. "सापडलं की नाही? म्हटलं होतं ना, आपोआप काही होत नाही!"

पण धाकट्याचा चेहरा उतरला होता. मग तो हळूहळू लाल झाला.

"म्हणजे दादा करतो हे," तो म्हणाला. "आणि मी थांबलो की करतो. नेमकं तेव्हाच. मुद्दाम!"

"तुम्हाला इतके दिवस ऐकू नाही आला रंधा?"

"जन्म त्या आवाजात गेला, बाई. आणि भिंत झाल्यावर तिकडचं काही ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं." त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर आपटली. "एकदा गिऱ्हाइकासमोर बोलून गेलो, दादाला आजकालचं काही कळत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी भिंत उभी. आता त्याचाच सूड उगवतोय. बरं झालं, विकायला आता मन मागेपुढे होणार नाही."

वैदीणबाईचा आनंद जिथल्या तिथे विरला. दुखणं सापडलं आणि रोगी दगावायला निघाला, असलं यश तिला नको होतं. शिवाय एक गोष्ट तिला खुपत होती. सूड घेणारा माणूस तारेसाठी भोक कशाला घासत बसेल?

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. "मी येते."

शेजारच्या गाळ्यात भुशाचा वास भरला होता. थोरला फळीवर वाकून रंधा चालवत होता. तिला पाहताच त्याने मशीन बंद केलं आणि कानावरची पेन्सिल काढली. भुवयांवरसुद्धा भुसा बसला होता.

"त्याने पाठवलंय?"

"मला कोण पाठवणार? मी माझी आलेय. एक विचारायचं होतं." ती जरा मोठ्यानेच बोलली. प्लायवूडची भिंत, तिला आवाज अडवायचं कुठलं ठाऊक! "रंधा दिवसात कधी लावता तुम्ही?"

"का? तक्रार आहे त्याची?"

"आधी उत्तर द्या."

थोरल्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली, पुन्हा काढली.

"तो नसला की," तो म्हणाला.

"तो नाहीये हे कसं कळतं तुम्हाला?"

"त्याची टकटक असते ना, बटणांची. ती थांबली की समजायचं, गेला चहाला. मग उरकून घेतो माझं." तो फळीवरचा भुसा हाताने सारत राहिला. "त्याला आवाजात काही सुचत नाही. आजचं नाही ते, लहानपणापासून. मी इथे करवत लावली की हा वह्या घेऊन माळ्यावर. आई म्हणायची, तो वर बसलाय तोवर ठोकाठोक करू नकोस रे. सवय लागली. टकटक चालू असताना मी खिळासुद्धा मारत नाही."

वैदीणबाईने भिंतीकडे बोट दाखवलं.

"तो चहाला जात नाही हो," ती म्हणाली. "टकटक थांबते तेव्हा तो विचार करत असतो."

मग तिने त्याला तार दाखवली, मोटरचा घास सांगितला, यूपीएसचं सांगितलं. थोरला ऐकत गेला तसा मटकन फळीवर बसला.

"म्हणजे त्याची चित्रं मी..." त्याने डोक्याला हात लावला. "अरे देवा! सांगायचं नाही का मग या गाढवाने?"

"कुणाला सांगणार?" भिंतीपलीकडून आवाज आला. "बोलत होतास का तू?"

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं, पॉलिशमध्ये कुठे डाग राहिलाय का ते बघावं तसं.

"तो यूपीएस घेऊन जा," तो भिंतीला म्हणाला. "माझ्या काय कामाचा? मी त्यावर चहाचा कप ठेवतो."

पलीकडे खुर्ची करकरली.

"असू दे," धाकट्याचा आवाज आला. तो जरा चिरकला होता. "मग कप कुठे ठेवशील?"

वैदीणबाई परत इकडे आली तेव्हा धाकटा तोंड फिरवून डब्याचं झाकण लावत होता, आणि एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पिळत होता. तिने वायरमनचा नंबर कागदावर लिहून दिला. वेगळी तार ओढून घ्या, तासाभराचं काम आहे, म्हणाली. धाकट्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"बघू," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

"घाई नाही कशी? रोज असा दणका बसला तर डबा खरंच मरेल!"

"दादा रंधा सुरू करायच्या आधी भिंतीवर ठोकून सांगेल. मी डबा बंद करून जाईन तिकडे. नाहीतरी फळी धरायला कुणी लागतंच त्याला."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाळा बघायला येणारा माणूस पत्ता विचारत असावा.

"नाही हो, आज नको," धाकटा म्हणाला. मग जरा थांबून, "नाही, उद्याही नको. गाळा द्यायचा नाहीये."

बाईने पिशवी उचलली. पायरी उतरून ती चपला घालत होती, तोच आतून भिंतीवर आवाज आला, बोटाच्या पेराने, हळू.

"ए," थोरला विचारत होता. "आहेस, का गेलास?"

"आहे रे," धाकटा म्हणाला. "विचार करतोय. थांब जरा."

बाई पायरीवर तशीच उभी राहिली. धाकट्याची टकटक पुन्हा सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. पलीकडे रंधा गप्प होता.